जास्वंदीवरचा पांढरा ढेकूण: नाव दर वेळी वेगळं का निघतं आणि ते पक्कं कसं करायचं

सोसायटीच्या कुंपणाची जास्वंद, चाळीमागे आपोआप उगवलेली पपई, देवळापुढचा चाफा. मुंबईत या तिन्हींवर पांढरा पिठ्या ढेकूण (मिलीबग, झाडाचा रस शोषणारी मेणकट कीड) हमखास दिसतो आणि नावाचा घोळ तिथूनच सुरू होतो. मोबाइलवरचा फोटो दाखवला की एक जण म्हणतो पपईचा, दुसरा म्हणतो कपाशीचा, तिसरा म्हणतो गुलाबी. कॉलेजच्या प्रकल्पासाठी स्लाइड केली तरी ओळखतक्त्यात (एकेक खूण तपासत नावापर्यंत नेणाऱ्या यादीत) मधेच वाट बंद होते. पुढच्या खेपेला त्याच झाडावरच्या नमुन्याला आणखीच निराळं नाव मिळतं.

यात तक्त्याचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा तक्त्यापर्यंत भलताच नमुना पोचलेला असतो: पिल्लू, नर, अंड्यांनी भरलेली जुनी मादी, पोटात परजीवी वाढत असलेली मादी, किंवा मुळात पिठ्या ढेकूणच नसलेलं काहीतरी. खाली अडचणी ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने घेतल्या आहेत. मुख्य जात पॅराकोकस मार्जिनेटस, म्हणजे पपईवरचा पिठ्या ढेकूण, ही धरली आहे. तिची भारतातली पहिली नोंद २००८ साली कोइमतूरची. तेव्हापासून पांढरं काही दिसलं की हेच नाव ठोकून द्यायची सवय लागली आहे. झाडावरून कीड ओळखू नका. हा ढेकूण पपईइतकाच जास्वंद, चाफा, तुतीवर आनंदाने राहतो आणि पपईवर दुसऱ्या जातीही येतात.

मुळात तो पिठ्या ढेकूण आहे का?

दहापट भिंग घ्या आणि पान उलटं करा. जिवंत पिठ्या ढेकणाच्या मादीला पाय असतात, शरीरावर वळ्या दिसतात आणि काडीने हळूच ढोसलं तर ती सरकते. एवढ्या तीन गोष्टी तपासल्या की निम्मे गैरसमज जागच्या जागी मिटतात.

पेरू, चाफा किंवा नारळाच्या पानाखाली पांढऱ्या मेणाच्या गोलगोल रेघा असतील आणि फांदी हलवताच बारीक पांढरे किडे उडत असतील, तर ती चक्राकार पांढरी माशी. तिची पिल्लं पानाला चिकटून बसतात आणि त्यांच्यावर काचेसारखे मेणाचे तंतू असतात, म्हणून फोटोत ती हुबेहूब ढेकणासारखी दिसतात. नारळावर हल्ली जी दिसते ती बहुधा ॲल्युरोडिकस रुजिओपरक्युलेटस. तिची भारतातली नोंद २०१६ ची.

पेरूवर आणखी एक फसवा पाहुणा असतो, पुल्विनारिया सिडी. ही मऊ खवले कीड. कोवळी असताना हिरवट, चपटी, पानाला चिकटलेली. अंडी घालायच्या वेळी अंगाखालून पांढऱ्या कापसाची पिशवी काढते आणि मग तिला सगळे ढेकूण म्हणतात. मागच्या टोकाला चीर आणि त्या चिरेत दोन त्रिकोणी पट्ट्या दिसल्या की ती मऊ खवले कीड, इथे शंका नको.

फणस किंवा वडावर पाच मिलिमीटरच्या आसपासची, नारिंगी अंगाची, काळ्या पायांची आणि कडेने बोटांसारखे जाड मेणाचे फाटे असलेली मादी दिसली तर ती आयसेरिया. मुंबईत बहुतेक करून आयसेरिया इजिप्टियाका. ही ढेकणांच्या कुळातलीच नाही. स्लाइडवर तिच्या पोटाच्या वळ्यांवर श्वासरंध्रं दिसतात, पिठ्या ढेकणाच्या पोटावर ती नसतात.

आंब्याच्या पानावर पांढरे गोल ठिपके आणि त्यांच्याजवळ तीन उभ्या रेषा असलेल्या चिमुकल्या पांढऱ्या आयतांचा घोळका असेल, तर ती कवच असलेली खवले कीड, औलाकॅस्पिस ट्युबरक्युलॅरिस. गोल कवचं मादीची, आयत नरांचे. सुईच्या टोकाने कवच उचललं की खाली बिनपायांचं अंग वेगळं दिसतं. या कुळातल्या किडी चिकटा, म्हणजे गोडसर चिकट स्राव, सोडत नाहीत. पानं चिकट असतील, काळी बुरशी असेल आणि मुंग्यांची ये-जा चालू असेल, तर तिथे दुसरी कोणती तरी कीडही आहे असं समजा.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र वेगळी आहे. ढेकणांच्या गर्दीत एक पांढरा, लांबलचक मेणाच्या झालरी असलेला, इतरांपेक्षा मोठा आणि चांगला चपळ प्राणी दिसतो. लोक त्याला 'म्हातारा ढेकूण' म्हणून आधी मारतात. तो असतो क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची अळी आणि ती ढेकूण खाते. तसंच स्पाल्गिस एपियस या फुलपाखराची अळी. अंगावर ढेकणाचं मेण चिकटवून ती त्यांच्यातच वावरते आणि त्यांनाच खाते. उलटं करून तोंड पाहा: ढेकणाला पानात रुतवलेली बारीक सोंड असते, या दोघांना चावणारे जबडे असतात.

भिंगाखालच्या रंगरूपावर कितपत भरवसा ठेवावा

यादी तीन-चार नावांवर आणण्यापुरता. नाव लिहिण्याइतका नाही.

पपईच्या ढेकणाची मादी सुमारे दोन मिलिमीटर, पिवळी. मेणाचा थर इतका पातळ की खालचा पिवळा रंग दिसतो. पाठीवर उघडे डाग किंवा पट्टे नसतात. कडेच्या मेणकाड्या आखूड आणि शेपटीच्या दोन काड्याही शरीराच्या पाव लांबीच्या आतच. अंडी हिरवट पिवळी.

फेनाकोकस सोलेनोप्सिस, म्हणजे कपाशीवर २००५ नंतर गाजलेला ढेकूण, आकाराने मोठा, तीन ते पाच मिलिमीटर. पाठीवर काळपट डागांच्या जोड्या असतात. पण जुन्या मादीवर मेण साचलं की डाग झाकतात आणि नुकती कात टाकलेल्या मादीवर मेणच नसतं. जुलैतल्या मुसळधार पावसात काढलेले फोटो म्हणूनच सगळ्यात फसवे. मेण धुऊन गेलेलं असतं आणि कुठलीही जात कुठल्याही जातीसारखी दिसते.

मॅकोनेलिकोकस हिर्सुटस, गुलाबी ढेकूण, हा जास्वंदीचा जुना शत्रू. शेंडा आखडतो, पानं एकमेकांत गुंतून गुच्छ होतो. मादी कागदावर चिरडली तर लालसर रस येतो. कडेला मेणकाड्या जवळजवळ नाहीतच. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: पपईच्या ढेकणाची नर पिल्लं कोशात जायच्या सुमाराला गुलाबी होतात. पिवळ्या माद्यांमध्ये चार गुलाबी ठिपके दिसले म्हणून 'दोन जाती आहेत' किंवा 'हा गुलाबीच' असं ठरवणारे खूप.

सीताफळ-पेरूवर शेपटीच्या दोन लांब काड्या, अंगावर काचेसारखे केस आणि पाठीवर दोन काळपट पट्टे असतील तर फेरिसिया गटातली कीड. हिच्याबाबतीत नवख्यांचीही चूक कमी होते.

जास्वंदीच्या एकाच झाडावर दोन-तीन जाती एकत्र असणं अगदी नेहमीचं आहे. शेंड्यावरचा गुच्छ, पानाखालची वसाहत आणि खोडाच्या बेचक्यातली वसाहत यांचे नमुने वेगवेगळ्या कुपीत घ्या. प्रत्येक कुपीतून किमान पाच-सहा माद्यांच्या स्लाइड करा. एका मादीवरून झाडाचा निवाडा करू नका.

अल्कोहोलमध्ये काळा पडला, म्हणजे पपईचाच?

नाही. पॅराकोकस मार्जिनेटस अल्कोहोलमध्ये टाकल्यावर निळसर काळा पडतो हे खरं, आणि गुलाबी किंवा कपाशीच्या ढेकणापासून त्याला झटपट वेगळं करायला ते उपयोगीही आहे. पण निपेकोकस व्हिरिडिस हाही काळा पडतो आणि तो मुंबईत भरपूर झाडांवर असतो. त्याचं मेण जाड, सायीसारखं. चिरडल्यावर रस जांभळट काळा आणि अंडीही जांभळट. म्हणून चिरडायची चाचणी आधी, ताज्या नमुन्यावर, पांढऱ्या कागदावर. एकदा कुपीत गेला की दोघेही सारखेच काळे.

कुपीसाठी ७० ते ८० टक्के अल्कोहोल. एथिल अल्कोहोल कॉलेजांना परवान्यावर मिळतं. घरी साठवण्यापुरतं ७० टक्के आयसोप्रोपिल चालतं. सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन आणि जेल पुढे स्लाइड करताना क्षाराच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) पायरीत त्रास देतात. थेट ९५ टक्क्यांत ठेवलेले नमुने कडक होतात आणि दाबताना फुटतात. तेवढं तीव्र अल्कोहोल फक्त डीएनएसाठी ठेवायच्या वेगळ्या कुपीत, आणि ती कुपी फ्रीझरमध्ये. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून कुपीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी खाते. चिठ्ठीवर झाड, झाडाचा भाग, ठिकाण, तारीख आणि जिवंतपणीचा रंग हवाच. स्लाइडवर रंग उरत नाही.

नमुना कुठला घ्यायचा

ओळखतक्ते प्रौढ मादीसाठी लिहिलेले असतात. नुकती प्रौढ झालेली, अंडी धरायच्या आधीची मादी सगळ्यात चांगली. ज्यांच्याखाली अंड्यांची पिशवी तयार झाली आहे त्या माद्या मोठ्या असल्यामुळे मोहात पाडतात, पण त्यांच्या पोटातली अंडी आणि आतली पिल्लं क्षारात नीट विरघळत नाहीत आणि ओळखीला लागणारी कातडीवरची बारीक छिद्रं, म्हणजे रंध्रं, नेमकी झाकतात. त्याच वसाहतीत पिशवी नसलेल्या, पण जवळजवळ तेवढ्याच आकाराच्या माद्या निवडा.

स्लाइडवर प्रौढपणाची खूण म्हणजे पोटाच्या मागच्या भागातलं जननछिद्र. ते नसेल तर ते पिल्लू, आकार कितीही असो. स्पर्शिकेचे सहा-सात भाग मोजले गेले की आधी हीच शंका घ्या. पिल्लावर बहुकोष्ठी (अनेक कप्प्यांची) रंध्रं नसतात. तक्त्यात 'रंध्रं नाहीत' ही वाट धरली की तुम्ही भलत्याच प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) जाऊन पोचता आणि तिथलं वर्णनही अर्धंमुर्धं जुळतं. म्हणून तर ही चूक पकडली जात नाही.

फुगलेला, तपकिरी, टणक झालेला ढेकूण स्लाइडसाठी घेऊ नका. त्याच्या आत परजीवी माशी आहे. तो वेगळा ठेवा, पुढे उपयोगी पडतो.

स्लाइड: कुठे बिघडते आणि का

कृती थोडक्यात अशी. नाव ठरवणाऱ्या कातडीतल्या सूक्ष्म नलिका (त्या पुढे येतात) पाठीच्या कडेला असतात, म्हणून बारीक सुईने टोचा पोटाकडून, मधल्या आणि मागच्या पायांच्या मध्ये. मग १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे १०० मिलि पाण्याला १० ग्रॅम. गरम पाण्याच्या वाफेवर वीस ते तीस मिनिटं, उकळी न येऊ देता, किंवा घाई नसेल तर रात्रभर तसंच. अंग पारदर्शक व्हायला लागलं की बोथट सुईने टोच्याच्या दिशेने हलका दाब देऊन आतला मगज बाहेर काढा. ऊर्ध्वपातित पाण्यात दोनदा धुवा. थोडं ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड घातलेल्या अल्कोहोलात दहा मिनिटं, मग ॲसिड फ्युक्सिन हा रंग. पुढे ७०, ९५ आणि शुद्ध अल्कोहोल, प्रत्येकात पाच ते दहा मिनिटं. मेण उरलं असेल तर दोन-तीन मिनिटं कार्बोल-झायलीन आणि परत शुद्ध अल्कोहोल. शेवटी लवंग तेलात वीस मिनिटं, नमुना कायमचा बसवणाऱ्या कॅनडा बाल्सम या राळेचा थेंब, आणि वर काचपट्टी. ३५ ते ४० अंश सेल्सियसला चार ते सहा आठवडे वाळवा. क्षार हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवा. त्याची बाटली प्लॅस्टिकची घ्या, काचेचं बूच क्षाराने जाम होतं. झायलीनचं काम खिडकीशी किंवा फ्यूम हूडखाली.

रंग धरला नाही, सगळं फिक्कट राहिलं: अंगात क्षार उरला आहे. ॲसिटिक ॲसिडची पायरी घाईत उरकली की हेच होतं. मागे जाऊन पुन्हा आम्लात ठेवा, रंगाची वेळ वाढवून उपयोग नाही. उलट, नमुना जिलेटिनसारखा लुळा झाला, केस गळाले आणि रंग अजिबात बसत नाही, तर क्षार जास्त झाला किंवा उकळला. तो नमुना गेला. केसांची लांबी हा गुलाबी ढेकणाचा महत्त्वाचा पुरावा असतो, त्यामुळे अशी स्लाइड ठेवूच नका.

मधोमध काळा किंवा धूसर ढीग दिसतो: मगज पूर्ण निघालेला नाही, किंवा मेण उरलं आहे. मगज असेल तर कडा ओबडधोबड दिसते, मेण असेल तर चकाकी येते. मगजासाठी परत क्षारात, मेणासाठी कार्बोल-झायलीनमध्ये. दोन्हींची अदलाबदल केली तर काहीच सुटत नाही, नुसता नमुना ठिसूळ होतो.

अंग सुरकुतलं, कडा आत दुमडल्या: एका अल्कोहोलातून दुसऱ्यात उडी मोठी झाली, किंवा लवंग तेलातून दाट बाल्सममध्ये थेट टाकलं. आधी लवंग तेल आणि बाल्सम निम्मेनिम्मे घ्या. दुमडलेल्या कडेवर मेणकाड्यांची मोजणी कधीच बरोबर येत नाही.

आता मुंबईचा खास आजार. जूनपर्यंत उत्तम येणाऱ्या स्लाइड पावसाळ्यात दुधाळ व्हायला लागतात. कारण शुद्ध अल्कोहोल हवेतलं पाणी ओढतं. इथल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत उघड्या वाटीतलं 'शुद्ध' अल्कोहोल फार वेळ शुद्ध राहत नाही. गंमत अशी की लवंग तेल थोडं पाणी मुकाट्याने सहन करतं, त्यामुळे त्या पायरीत सगळं स्वच्छ दिसतं आणि दुधाळपणा बाल्सममध्ये गेल्यावर उमटतो. मग दोष बाल्समला दिला जातो आणि नवी बाटली आणली जाते. तपासणी सोपी आहे: अल्कोहोलचा एक थेंब झायलीनमध्ये सोडा. धुरकट झालं तर त्यात पाणी आहे. पावसाळ्यात अल्कोहोल लहान बाटल्यांत भागून ठेवा, वाटीवर झाकण ठेवा, प्रत्येक खेपेला ताजं घ्या आणि शेवटची अल्कोहोलची पायरी दोनदा करा. साठ्याच्या बाटलीत पाणी शिरलं का ते पाहायचं असेल तर थोड्या अल्कोहोलात पांढरं निर्जल मोरचूद टाका, निळं पडलं की पाणी आहे. दुधाळ झालेली स्लाइड टाकून द्यायची गरज नाही. झायलीनमध्ये काच सोडवा आणि नमुना परत शुद्ध अल्कोहोलात न्या.

लवंग तेल प्रयोगशाळेच्या दर्जाचं घ्या. दातदुखीसाठी मिळणाऱ्या बाटलीत दुसरं तेल मिसळलेलं असू शकतं आणि मग नमुना पारदर्शक होता होत नाही. प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनवाल्यांकडे मागताना हे स्पष्ट सांगा.

बाल्समऐवजी नमुना बसवायला वापरतात ते हॉयरचं माध्यम झटपट असतं म्हणून अनेकांना आवडतं. इथल्या दमटपणात ते पाणी शोषून वाहायला लागतं. चार दिवसांच्या कामापुरतं ठीक, तेही कडेने नखरंगाने सील करून. संग्रहात ठेवायची स्लाइड बाल्सममध्येच.

आणि बाल्समचा थेंब लहान घ्या. थर जाड झाला तर हजारपट वर्धनाची तेलातली भिंगनळी नमुन्यापर्यंत पोचत नाही आणि जोर केला की काच फुटते.

स्लाइड छान आहे, तरी तक्त्यात अडकायला होतं

पहिलं कारण, पाठ आणि पोट यांची गल्लत. नमुना पारदर्शक असल्यामुळे दोन्ही बाजू एकाच वेळी दिसतात. पाय, तोंडाचे भाग आणि जननछिद्र ज्या फोकसवर स्पष्ट होतात ती पोटाची पातळी. त्यापासून फोकस दुसरीकडे सरकवला की पाठ. पुस्तकातली आकृतीही तशीच वाचायची असते: मधल्या रेषेच्या डावीकडे पाठ, उजवीकडे पोट. हा संकेत माहीत नसला तर अर्ध्या शरीरावर नलिका आहेत आणि अर्ध्यावर नाहीत असं वाटून माणूस चक्रावतो.

दुसरं, नलिका आणि रंध्रं यांची गल्लत. पॅराकोकस मार्जिनेटसचा मुख्य पुरावा म्हणजे तोंडाला कडा असलेली नलिका, ज्याला तक्त्यात ओरल रिम डक्ट म्हणतात. ती पाठीवर फक्त कडेच्या पट्ट्यात असते, मध्यभागी नसते. वरून पाहिली की ती नुसतं वर्तुळ दिसते आणि गोल रंध्र समजून सोडून दिली जाते. बारीक फोकस खालीवर करा. नलिका असेल तर वर्तुळाखाली नळी उतरताना दिसते, रंध्राला खोली नसते. चारशेपट वर्धन लागतं आणि सूक्ष्मदर्शकाला फेज कॉन्ट्रास्ट (पारदर्शक भाग उठून दाखवणारी सोय) असेल तर काम निम्म्या वेळात होतं.

दुसरा मुख्य पुरावा मागच्या पायात. पपईच्या ढेकणाच्या मागच्या कॉक्सावर, म्हणजे पायाच्या बुडाच्या भागावर, पारदर्शक रंध्रं असतात. टिबियावर, म्हणजे नडगीच्या भागावर, नसतात. पाय वळून उलटा पडला असेल किंवा अंगाखाली दडपला असेल तर ही खूण दिसतच नाही, म्हणून काच ठेवायच्या आधी मागचे पाय बाहेर पसरवा. दोन्ही पुरावे एकत्र मिळाले, स्पर्शिका आठ भागांची आहे, नखीवर दात नाही आणि कडेला सेरॅरीच्या (काटे आणि रंध्रं यांचे ते पुंजके जिथून मेणकाड्या निघतात) पंधरा ते सतरा जोड्या आहेत, तर नाव पक्कं.

सेरॅरी नेहमी शेपटीकडून मोजत पुढे जा. शेपटीची जोडी ठळक असते, डोक्याकडच्या पुसट. डोक्याकडून सुरुवात केली की पहिल्याच एक-दोन निसटतात आणि अठराची संख्या सोळा होते. त्या दोनच्या फरकाने फेनाकोकसचा पॅराकोकस झालेला सहज पाहायला मिळतो. दुसरी खात्री करा: फेनाकोकस सोलेनोप्सिसला नऊ भागांची स्पर्शिका, अठरा जोड्या आणि नखीच्या आतल्या बाजूला छोटा दात असतो. नखी हजारपटीवर पाहा. मॅकोनेलिकोकस हिर्सुटसला स्पर्शिका नऊ भागांची, पण सेरॅरी फक्त मागच्या वळ्यांवर, पाठीवर लांब केस, आणि शेपटीच्या खालच्या बाजूला कठीण पट्टी. निपेकोकस व्हिरिडिसच्या पाठीवर केसांऐवजी लहानमोठे शंकूसारखे काटे. अल्कोहोलच्या चाचणीने घातलेला घोळ इथे एका नजरेत सुटतो.

फेनाकोकस सोलेनोप्सिस आणि फेनाकोकस सोलानी यांच्यातला फरक मात्र खरोखर अवघड आहे. तो पोटाकडच्या बहुकोष्ठी रंध्रांच्या संख्येवर आणि जागांवर ठरवतात. या गटात वाढीच्या परिस्थितीनुसार अशा खुणा बदलतात, इतक्या की सोलानी आणि डिफेक्टस या वेगळ्या मानलेल्या जाती एकाच जातीची रूपं असल्याचं २०१६ साली दाखवलं गेलं. इथे एका स्लाइडवर नाव लिहिणं म्हणजे जुगार. वसाहतीत पंखवाले नर किंवा त्यांचे कोश आहेत का पाहा. सोलानी नरांवाचून वाढते, त्यामुळे नर सापडले तर कल सोलेनोप्सिसकडे.

डीएनए केला, भलतंच आलं

ढेकणाच्या डीएनए क्रमवारीऐवजी गांधीलमाशीच्या कुळातली, म्हणजे परजीवी माशीची, क्रमवारी आली तर प्रयोगशाळेला दोष देण्याआधी नमुना आठवा. पोटात परजीवीची अळी असलेली मादी बाहेरून पहिले काही दिवस अगदी निरोगी दिसते. अनेक माद्या एकत्र कुटून डीएनए काढू नका, एकेक मादी घ्या. शक्य असेल तर कातडी वाचेल अशा पद्धतीने डीएनए काढा आणि त्याच कातडीची स्लाइड करा. मग नाव आणि क्रमवारी एकाच प्राण्याची असल्याची खात्री राहते. डीएनए क्रमवारींच्या सार्वजनिक साठ्यातल्या नावांवर डोळे मिटून विसंबू नका. तिथे ज्यांनी क्रमवारी चढवली त्यांनीही फोटोवरूनच नाव दिलेलं असू शकतं.

नाव लिहिताना

जातीच्या नावापुढे तिचं पहिलं वर्णन करणाऱ्यांची नावं आणि वर्ष लिहितात; पॅराकोकस मार्जिनेटस या नावापुढे विल्यम्स आणि ग्रनारा दि विलिंक, १९९२ हे कंसाशिवाय येतं, कारण ती जात पहिल्यापासून याच प्रजातीत वर्णिली गेली. फेनाकोकस सोलेनोप्सिस टिन्स्ली, १८९८ हेही कंसाशिवाय. मॅकोनेलिकोकस हिर्सुटस मात्र ग्रीनने १९०८ साली फेनाकोकसमध्ये वर्णिली होती, म्हणून ग्रीन आणि वर्ष कंसात. प्रकल्पाच्या वहीत कंस सरसकट घालणं किंवा गाळणं ही परीक्षक पहिल्यांदा पकडतात अशी चूक आहे. चालू नाव आणि जुनी समानार्थी नावं स्केलनेट या खवले किडींच्या ऑनलाइन माहितीसाठ्यावर पाहून घ्या. परजीवींचंही तेच: सोलेनोप्सिसवरची एनेसियस बंबावालेई ही माशी आता एनेसियस ॲरिझोनेन्सिस म्हणून ओळखली जाते. एकाच नावाने शोधलं तर अर्धं लेखन हाती लागत नाही.

वरचे पुरावे जुळत नसतील तर 'पॅराकोकस, जात अनिश्चित' लिहा आणि स्लाइड बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोकडे किंवा एखाद्या विद्यापीठाच्या वर्गीकरण तज्ज्ञाकडे पाठवा. किमान तीन स्लाइड आणि अल्कोहोलातले उरलेले नमुने सोबत हवेत.

नाव कळल्यावर फवारणीआधी

पपईचा ढेकूण ठरला तर लगेच काही मारू नका. २०१० साली प्युर्टो रिकोहून ॲसेरोफॅगस पपाये ही परजीवी माशी भारतात आणून सोडली गेली आणि या किडीला आवरण्यात तिचाच वाटा मोठा. माशी एक मिलिमीटरपेक्षाही लहान, त्यामुळे झाडावर ती दिसणार नाही. पांढऱ्या वसाहतीतले फुगलेले, पिवळट तपकिरी ढेकूण असलेली चार पानं बरणीत घाला, तोंडाला मलमल बांधा, आत कागदाची घडी ठेवा म्हणजे पाणी साचणार नाही, आणि दोन आठवडे रोज उजेडाकडे धरून पाहा. माश्या निघाल्या तर बरणी त्याच झाडाखाली उघडा, खोडावरच्या मुंग्यांची वाट चिकट पट्टीने अडवा आणि कीटकनाशक बाजूला ठेवा.

कवच असलेली खवले कीड असेल तर नेमका उलटा गैरसमज होतो: फवारणीनंतर महिनाभर कवचं तशीच दिसतात, म्हणून औषध लागू पडलं नाही असं समजून पुन्हा फवारतात. कवच मेल्यावरही चिकटून राहतं. वीस-पंचवीस कवचं सुईने उचला. खाली रसरशीत पिवळं अंग असेल तर कीड जिवंत, कोरडी तपकिरी साल असेल तर मेलेली. कवचाला बारीक गोल भोक असेल तर तिथून परजीवी बाहेर पडून गेली आहे. ती कवचं मेलेल्यांत धरा, पण औषधाच्या खात्यावर टाकू नका.